पाटणचा शिलालेख आणि गावची शाळा

(खान्देशातील एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात, डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण नावाचे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनासाठी खान्देशातील हजारो कुटुंबे तेथे जातात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तेथील मंदिरातला एक शिलालेख उजेडात आणला आणि भारतीय गणिताच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा जगासमोर आला. ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती या लेखात आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन अखंड चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. त्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इ.स. १२०७ मध्ये दान दिले, त्याची ही नोंद आहे.

भास्कराचार्यांचे नाव निघाले की आपली छाती अभिमानाने फुलते, आणि ते योग्यच आहे. परंतु या शिलालेखातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. अखेरचा भाग मात्र त्या काळच्या मराठीत आहे. या मराठी भागात आहे तो हिशेब. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरील उत्पन्नातून मठाला काय मिळावे, तेलाच्या घाण्यावरून किती तेल द्यावे, याचा तपशील तेथे कोरलेला आहे. स्तुती संस्कृतात आणि वर्गणी बाजाराच्या भाषेत, कारण ती ज्यांनी द्यायची त्यांना ती समजली पाहिजे! गणिताची शाळा केवळ राजाच्या मर्जीवर नव्हे, तर तेल्याच्या आणि व्यापाऱ्याच्या वाट्यावर चालावी, ही व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी याच भूमीत झाली होती.

आज शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चतुष्टयाचे, ज्याला हल्ली ‘स्टेम’ म्हटले जाते त्याचे, शिक्षण बळकट करण्याचे प्रयत्न राज्यभर चालू आहेत. त्यांचा विचार या शिलालेखाच्या प्रकाशात करणे उद्बोधक ठरेल.

खिरोद्यातून मिळालेला धडा

विज्ञान आणि गणित हे विषय पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात सर्व मुलांना अनिवार्य असावेत, अशी शिफारस डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये केली. तोवर विज्ञान म्हणजे हुशार मुलांचा प्रांत, अशी समजूत रूढ होती. आता ते शेतमजुराच्या मुलापर्यंत न्यायचे होते. कोणी न्यायचे आणि कसे?

या प्रश्नाला भिडण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. या केंद्राने आपल्या प्रारंभीच्या ग्रामीण प्रकल्पासाठी निवडलेला परिसर म्हणजे रावेर तालुक्यातील खिरोदा, राज्याचे माजी शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी यांचे गाव. मुंबईचे शास्त्रज्ञ सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत आले, शिक्षकांबरोबर बसले, आणि स्वस्त साहित्यातून प्रयोग कसे करता येतील याचा विचार त्यांनी केला. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून असाच एक प्रयोग सुरू झाला होता. तो तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये तेथील शासनाने बंद केला.

या काळातील कामातून केंद्राच्या संशोधकांचे लक्ष एका मूलभूत अडथळ्याकडे गेले. तो होता भाषेचा. डॉ. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध याच विषयावर आहे. विज्ञानाचा आशय तोच ठेवून केवळ पाठाची भाषा सोपी केली, तर महापालिकेच्या शाळांतील मुलांचे आकलन सुधारते, हे त्यांनी दाखवून दिले. मूल मंद नव्हते; वाक्य दुर्बोध होते.

खान्देशाला हा धडा अधिकच लागू पडतो. येथील मूल घरी अहिराणी बोलते, शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर पावरी किंवा भिली बोलते, आणि शाळेत त्याच्यासमोर ‘बाष्पीभवन’, ‘अपवर्तन’, ‘प्रकाशसंश्लेषण’ असे शब्द उभे राहतात. मे महिन्यात भुसावळ तापते तेव्हा माठातले पाणी गार का होते, हे त्या मुलाने रोज अनुभवलेले असते. माठाच्या अंगावरचा ओलावा उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातो, एवढे त्याच्या बोलीत आधी सांगावे आणि मग ‘बाष्पीभवन’ हा शब्द द्यावा. परिभाषा हवीच, तिच्यावाचून विज्ञान पुढे जात नाही. पण ती अनुभवाच्या मागून यावी.

२०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेले वादळ अनेकांना आठवत असेल. ‘एकवीस’च्या बरोबरीने ‘वीस एक’ असे वाचनही मुलांना शिकवावे, एवढाच तो बदल होता. लिहिताना आधी दोन आणि मग एक, उच्चारताना आधी एक आणि मग वीस, शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांसारखी जोडाक्षरे. लहान मूल येथे अडखळते, हे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून न घेताच अनेकांनी त्याची थट्टा केली. जुनी पद्धत काढून टाकलेली नव्हती. मराठीचा अभिमान आणि मराठी मुलाची अडचण यांत विरोध असण्याचे कारण नाही. अभिमानी माणसाने उलट ती अडचण अधिक आस्थेने समजून घ्यावी.

साधने आली, पुढे काय?

गेल्या दशकात साधनांची उणीव बऱ्याच अंशी दूर झाली, हे मान्य केले पाहिजे. राज्य शासनाने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘राष्ट्रीय आविष्कार अभियान’ सुरू झाले. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला आपली कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. नीती आयोगाच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत एका शाळेला वीस लाखांपर्यंतचे अनुदान आहे, आणि पाच वर्षांत शासकीय शाळांतून आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली.

धुळे जिल्ह्याने याच काळात एक आगळे उदाहरण घालून दिले. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगावी प्रेरणासभा घेत फिरले. शाळा डिजिटल करण्याच्या खर्चाचा मोठा वाटा गावकऱ्यांनी उचलावा आणि उरलेल्याची तजवीज आपण करू, असा त्यांचा प्रस्ताव होता. बघता बघता जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळांत पडदे आणि संगणक पोचले. पाटणच्या बाजारपेठेची परंपरा पांझराकाठी पुन्हा जागी झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि, पडदा म्हणजे विज्ञान नव्हे. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या शंभरांपैकी सुमारे एकतीस मुलांनाच साधा भागाकार करता येतो. २०२२ च्या तुलनेत ही सुधारणा आहे. पण उरलेल्या एकोणसत्तर मुलांसमोर रोबोचा संच ठेवला तर तो शोभेची वस्तूच ठरणार. वीजबिल थकले म्हणून शाळेचा पुरवठा तोडला जातो, संगणक बिघडला की कपाटात जातो, आणि प्रयोगसाहित्य फुटेल या धास्तीने कुलपात राहते. फुटलेल्या परीक्षानळीची भरपाई शिक्षकाच्या खिशातून होणार असेल तर तो ती मुलांच्या हाती का देईल?

प्रयोगशाळा शिवारात आहे

खरी गंमत अशी, की खान्देशाचे शिवार हीच मोठी प्रयोगशाळा आहे. रावेर-यावलच्या केळीबागेत पाच फूट बाय पाच फूट अंतरावर खोड लावले, तर एका एकरात किती खोडे बसतील? एक गुंठा म्हणजे तेहेतीस फुटांचा चौरस, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचे ४३,५६० झाले. त्याला पंचविसाने भागले की उत्तर येते १,७४२. शेतकऱ्याच्या मुलाला हा भागाकार परका वाटणार नाही. ठिबकच्या एका तोटीतून तासाला चार लिटर पाणी पडते, प्रत्येक खोडाला दोन तोट्या आहेत, तर दोन तासांत हजार खोडांना किती पाणी लागेल? सोळा हजार लिटर. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ही नाणी, वजने आणि मापे यांच्या परिभाषेनेच सुरू होते, व्यवहार हा तिचा उंबरठा आहे.

साक्री तालुक्यात पांझरेवरची फड पद्धती आहे. बंधाऱ्यातून काढलेला पाट, केवळ उतारावर वाहणारे पाणी, एका फडात एकच पीक, आणि पाणीवाटपासाठी गावाने नेमलेला पाटकरी; अभियांत्रिकी आणि सहकार यांचा हा कित्येक पिढ्यांचा पाठ आहे. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देत आहे आणि ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरत आहेत. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून पाणी जिरवले, ते खडकांच्या थरांच्या अभ्यासावर. या ठिकाणांपासून हाकेच्या अंतरावरील शाळांत ऊर्जा आणि भूजल हे धडे केवळ वाचून दाखवले जात असतील, तर तो दोष पुस्तकाचा नव्हे.

आपला वाटा कोणता?

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असावा असे सांगितले आहे. परंतु शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. गावातील सुस्थित घरे आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवून तालुक्याला धाडतात, पट घसरतो, पद जाते, आणि मागे राहिलेल्या मजुराच्या मुलीला विज्ञान शिकवणारा कोणी उरत नाही. जो शिक्षक उरतो त्याच्या वाट्याला निवडणूक आणि जनगणना येते. ही मुलगी कोणाची? समरसतेची भाषा करणाऱ्या प्रत्येक घराने या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

प्रत्येकाने आपले मूल त्या शाळेत घालावे, असा आग्रह येथे नाही. पण शाळा सोडली तरी तिची जबाबदारी सुटत नाही. दीपनगरच्या वीज केंद्रातून, वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीतून, रेल्वेतून निवृत्त झालेले शेकडो कुशल हात आज आपल्यात आहेत. मोटार कशी फिरते, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगेल? शासनाने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आखला आहे. महिन्यातला एक शनिवार, एक शाळा आणि एक प्रयोग, एवढा नेम दहा जणांनी धरला तरी दहा कुलपे उघडतील. फुटलेल्या साहित्यासाठी गावाने छोटा निधी ठेवावा, शाळेच्या वीजबिलाची चौकशी ग्रामसभेत व्हावी, आणि शिक्षकाला वर्गाबाहेर काढणारी कामे कमी व्हावीत म्हणून प्रतिनिधींना विचारणा व्हावी. यात अवघड असे काही नाही. सातत्य मात्र हवे, कारण आरंभशूरपणा हा आपला जुना रोग आहे.

पाटणचा मठ आज उरलेला नाही. शिलालेख उरला आहे, आणि त्यात भास्कराचार्यांच्या गौरवाबरोबर तेल देणाऱ्या घाण्याचीही नोंद आहे. पूर्वजांचा वारसा सांगताना या दोन्ही ओळी वाचाव्यात, एवढीच विनंती.