अवजारपूजा पूर्ण कधी होते?

खंडेनवमीला गॅरेजमधील मिस्त्री पाने, हातोडी, जॅक यांना हळदकुंकू वाहतात. श्रमाला देवत्व देणारी ही आपली परंपरा! एरवी मात्र तोच मिस्त्री केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरतो. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर तोललेला असतो. आतील सील निकामी झाले की दाब उतरतो आणि सुमारे एक टनाची मोटार छातीवर येते. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चाकांना उटी आणि चौकटीखाली भक्कम लोखंडी स्टँड, एवढ्याने जीव वाचतो. ‘लवकर आटपा’ म्हणून घाई करणारे बहुधा आपणच असतो. तेव्हा पाच मिनिटे थांबावे, वाकून पाहावे, स्टँड लावण्याचा आग्रह धरावा. अवजारांची पूजा ती चालविणाऱ्या हातांच्या रक्षणानेच पूर्ण होते.