गळक्या होडीचं काम

आज होडीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, लातूर-नांदेडच्या बायकांचा होडीशी काय संबंध? लातूरला तर 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. खरं आहे. पण मांजरा धरणाच्या काठाला आणि नांदेडला विष्णुपुरीच्या पाण्यावर मासेमारीवर पोट भरणारी घरं आहेत, आणि त्या घरांतल्या बायकांचे बचत गटही आहेत. मांजराकाठच्या आमच्या अशाच एका गटाची ही गोष्ट.

गटानं कर्ज काढून फायबरची होडी घेतली, तीही जुनी. आधीच्या मालकानं दुष्काळाच्या साली ती कोरड्या धरणात उघड्या उन्हात तशीच टाकून दिली होती. पाण्यानं होडी खराब होते असं आपल्याला वाटतं, पण फायबरला ऊनही तेवढंच खातं. वरचा थर पांढरा पडतो, हात फिरवला की भुकटी लागते, मग बारीक चिरा पडतात. घेताना आम्ही रंग बघितला आणि फसलो.

पहिल्या वर्षी डब्यानं पाणी उपसत काम चाललं. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी गटातल्या एका ताईचा मुलगा जाळं ओढत असताना पाणी पायाच्या घोट्याच्या वर आलं. पोरगं पोहत काठाला आलं म्हणून ठीक. त्या दिवसापासून होडी काठावर पडून राहिली. दुरुस्ती करणारा एक जण आला, विसार घेऊन गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही. इकडे कर्जाचे तीन हप्ते थकले. बैठकीत भांडणं झाली. होडी विकून टाका, असं निम्म्या जणींचं मत होतं.

तेव्हा नांदेडकडच्या गटातल्या दोघी जणी आमच्याकडे आल्या. त्यांनी आपली होडी स्वतः दुरुस्त केली होती. आल्या आल्या त्यांनी काय करावं? चार पाट ठेवून होडी त्यावर चढवली आणि आतून पाण्यानं भरली. आमची म्हातारी आत्या ओरडली, "अगं काय करूलालाव? पाणी बाहेर काढायचं का आत घालायचं?" पण थोड्या वेळात खालून जिथं जिथं थेंब ठिबकला तिथं तिथं त्यांनी खडूनं गोल केला. नऊ गोल झाले. आम्ही मात्र दोन वर्षं एकाच भोकाच्या शोधात होतो.

नंतर पाणी काढून होडी आठ दिवस सावलीत वाळवली. हे आठ दिवस टाळायचे नाहीत. आत ओल राहिली तर वरचं ठिगळ धरत नाही. आमचं पहिलं ठिगळ असंच निघालं, कारण आम्हाला घाई होती.

दुसरी चूक तर ऐकाच. रेझिन कालवायला आम्ही थर्मोकोलची वाटी घेतली. लग्नातल्या उरल्या होत्या. बघता बघता वाटीचा तळ विरघळला आणि सगळं चिकट पाणी आत्याच्या पायावर. मग स्टीलच्या वाटीत कालवलं, पण वैशाखातली दुपार. जास्त कालवून ठेवलेलं रेझिन वाटीतच तापलं, धूर निघाला आणि दगड झालं. त्यानंतर आम्ही सकाळी सूर्य वर यायच्या आत बसू लागलो, आणि एका वेळी दोनशे ग्रॅमच कालवू लागलो.

प्रमाण लिहून घ्या. आमच्या उन्हाळ्यात शंभर ग्रॅम रेझिनला एक ग्रॅम हार्डनर पुरतं. थंडीत दोन ग्रॅमपर्यंत जातं. अंदाजे ओतू नका. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजा. ती सिरिंज पुन्हा दुसऱ्या कशालाच वापरू नका. दुकानात रेझिन मागताना विचारा, यात कोबाल्ट आधीच घातलंय का? घातलेलंच घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय आम्ही बाटलीचं बूच काढत नाही. उडालंच तर पंधरा-वीस मिनिटं सलग पाणी मारायचं आणि थेट दवाखाना. लेकरांना जवळ येऊ द्यायचं नाही. चूल, बिडी, काडेपेटी काहीच जवळ नको.

खडूच्या गोलाभोवती वीतभर जागा पॉलिश पेपरनं घासायची. चिरेपाशी खोल, कडेला उथळ, ताटासारखी. काचेची भुकटी अंगाला फार खाजते, तेव्हा तोंडाला रुमाल नव्हे, मास्क बांधा आणि पदर खोचा. मग भुकटी पुसून फायबरच्या मॅटचे तुकडे लावायचे. आम्ही तीन थर दिले. ब्रशनं दाबून दाबून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. मॅट पांढरी दिसते तिथं रेझिन पोचलेलं नसतं. पूर्ण भिजली की ती काचेसारखी आरपार होते. या कामात आमच्या बायका पुरुषांपेक्षा बऱ्या, हे आम्ही छातीठोक सांगतो. पोळीखालची हवा ज्यांनी जन्मभर बघितली त्यांना बुडबुडा लगेच दिसतो.

आत्या बाजूला बसून सांगायची, तिच्या लहानपणी लाकडाच्या नावा होत्या. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासायचे, वरून डांबराचा लेप. ते काम दरवर्षीच. वारा मागून असला की बांबूला धोतर बांधून शीड करायचे. तिच्याच सांगण्यावरून आम्हीही मेणकापडाचं छोटं शीड केलंय. ते फाटलं तेव्हा मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. गोधडीसारखं दोन्ही बाजूंनी ठिगळ, ठिगळाचे कोपरे गोल, दोऱ्याला मेण. चौकोनी कोपऱ्यातून कापड पुन्हा फाटतं. जोराचा वारा सुटला की शीड आधी खाली. तिथं हिंमत दाखवायची नाही.

शिडावरून आठवलं. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून 'तारिणी' नावाची शिडाची नौका घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून 2018 च्या मे महिन्यात परत आल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. ती नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली, लाकडावर फायबर चढवून. म्हणजे आमच्या होडीची मोठी बहीणच म्हणा. भर समुद्रात मिस्त्री कुठून यायचा? पण परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात त्यांचं सुकाणू बिघडलं तेव्हा त्या मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबल्या, दुरुस्ती करून घेतली, मगच पुढे निघाल्या. हे आम्ही बैठकीत सांगितलं, कारण आमच्याही होडीत एक जागा अशी होती.

तळाच्या मधल्या कण्याला आडवी चीर होती. अंगठ्यानं दाबलं की तिथं मऊ लागायचं. नांदेडच्या ताई म्हणाल्या, "ह्याला आपण हात लावायचा नाही." आमच्यातल्या काहींना राग आला. एवढं केलं तर हेही करू! दोन बैठका वादात गेल्या. शेवटी या एका कामाला जाणता कारागीर आणला. त्यानं आतून नवा आडवा आधार बसवला. आम्ही शेजारी बसून सगळं बघितलं, वहीत लिहिलं. पैसे काम झाल्यावर दिले, आधी नाही.

वरून रंग दिला. मग पाच पोती वाळू भरून होडी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात रात्रभर बांधून ठेवली. सकाळी आत फक्त दव होतं. आत्यानं बोट लावून चाखून बघितलं, हे आम्ही उगाच सांगत नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. थकलेले हप्ते फिटले, चालू हप्ता भरतोय. होडीत आता प्रत्येकाला लाइफ जॅकेट असल्याशिवाय दोर सोडत नाहीत, हा ठराव वहीत आहे आणि त्यावर नवऱ्यांच्याही सह्या आहेत. काम नसेल तेव्हा होडी लिंबाखाली पालथी असते, वर बारदान. मागच्या आठवड्यात खडूचे दोन नवे गोल सापडलेत. एक सुक्कडीएवढा, एक तळहाताएवढा. येत्या मंगळवारी सकाळी सहाला बसणार आहोत. शेजारच्या गावच्या चौघी बघायला येणार आहेत. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जुनी साडी नेसून या, आणि वाटी घरून आणा. स्टीलची.