जयपूरचे पाणी आणि स्वावलंबनाचा विचार

मोठी यंत्रणा बंद पडली म्हणजे काय होते, हे जाणण्यासाठी कल्पनेचा आश्रय घेण्याचे कारण नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. ते सावरते न सावरते तोच दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकदम कोसळली आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश त्या संकटात सापडला. राजस्थान दोन्ही दिवशी त्यात होते. दिवे गेले की माणूस कंदील शोधतो. पण पाण्याचा पंप थांबला तर काय शोधावे, हे शहरवासीयाला उमगत नाही.

जयपूरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. विसाव्या शतकात हे शहर बाणगंगेवरील रामगढ धरणाचे पाणी पीत होते. याच तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या. पुढे पाणलोटक्षेत्रात अतिक्रमणे झाली, ओढ्यांवर जागोजागी बांध पडले आणि तलाव कोरडा झाला. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. आज शहराची मुख्य भिस्त टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बिसलपूर धरणावर आहे. ते पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर नळातून, विजेच्या बळावर येते. नळ सोयीचा आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्यामागे दुसरे काहीच शिल्लक न ठेवण्याच्या वृत्तीशी.

कारण याच शहराच्या माथ्यावर वेगळ्या विचाराचा नमुना उभा आहे. आमेरजवळच्या डोंगरावरील जयगड (कोकणातला जयगड नव्हे) सवाई जयसिंहांच्या काळात आजच्या रूपास आला. तेथील सर्वांत मोठ्या टाक्याची क्षमता साठ लाख गॅलन, म्हणजे सुमारे पावणेतीन कोटी लिटर सांगतात. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी पाटांनी गोळा होते, वाटेतल्या लहान कुंडांत गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी टाक्यात उतरते. हे सारे काम उतार करतो. पंपाची गरजच नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, सरकारने याच किल्ल्यावर गुप्त खजिन्याचा शोध घेतला. त्या टाक्याकडे मात्र तितक्या आस्थेने कोणी पाहिले नाही.

असे टाके घरोघरीही शक्य आहे. जयपूरचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पडणाऱ्या पाण्यापैकी पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी अठ्ठेचाळीस हजार लिटर उरते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज दहा लिटर लागतात असे मानले, तर वर्षाला सव्वाअठरा हजार लिटर पुरेत. अर्थात टाके पावसाळ्यापूर्वी घासून स्वच्छ करावे लागते, पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडून द्यावे लागते. ही सवय वीज गेल्याच्या दिवशी अंगी बाणत नाही.

तथापि, आपापल्या घरी साठा करून दार लावून बसणे म्हणजे स्वावलंबन असे कोणी समजू नये. शेजाऱ्याची विहीर आटली असताना एकट्याचे टाके किती दिवस पुरणार? जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, दूदूजवळील लापोडिया गावाने हे ओळखले. तेथे लक्ष्मण सिंह यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांना सोबत घेऊन तुटलेल्या तलावांची दुरुस्ती आरंभिली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती बरीच उशिरा असे म्हणावे लागेल. गावाने आपल्या तलावांना देवसागर, फूलसागर, अन्नसागर अशी नावे दिली. नाव दिलेली वस्तू सहसा बेवारस होत नाही.

परंतु या गावाची खरी कल्पकता गायरानात दिसते. तेथे ‘चौका’ नावाचे उथळ चौकोन खणले गेले. मातीची पाळ तीन बाजूंनी. चौथी, उताराच्या वरची बाजू पाणी आत यावे म्हणून मोकळी. एक चौका भरला की पाणी पुढच्यात जाते, आणि अखेरीस उरलेले तलावाकडे. कुदळ आणि फावडे एवढीच सामग्री. पाळ फुटली तर गावातले कोणीही ती दुरुस्त करू शकते. पाणी सुमारे नऊ इंचच साठू द्यावयाचे, हे प्रमाण अनुभवाने ठरले आहे: याहून अधिक साचले, तर गुरांसाठी राखलेले गवत मुळाशी कुजते.