स्वस्तिक : रचनेचा पहिला पाठ



संकल्पचित्राच्या प्रारंभिक वर्गात विद्यार्थ्याला पांढऱ्या चौकोनात काळ्या पट्ट्या मांडावयास देतात. कागदाला लांबी आणि रुंदी या दोनच मिती. तरीही त्यावर गती दिसली पाहिजे, ही कसोटी. दोन पट्ट्या मध्यभागी छेदल्या की अधिकचिन्ह होते. ते स्थिर भासते. त्याच्या चारही टोकांना एकाच फेऱ्याचे वळण दिले, की आकृती फिरू लागते.

जिनमंदिरात पाटावर अक्षतांनी स्वस्तिक काढणारे बालक हाच पाठ गिरवीत असते. चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच व नरक या चार गती. संसारातील भ्रमण दाखवावयाचे, म्हणून आकृती फिरती. त्यावर सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान व सम्यक्चारित्र यांचे तीन पुंज. त्याहून वर सिद्धशिलेची चंद्रकोर आणि सिद्धात्म्याचा बिंदू. दृष्टी खाली फिरते, वर चढते आणि शेवटी विसावते. मधली मोकळी जागाही अर्थपूर्ण आहे. पुंज भुजांना चिकटले तर ही चढण हरवते.

यासाठी तांदूळच का, हे धान पिकविणाऱ्या मूल परिसरास सहज उमगेल. धान पेरले तर पऱ्हे उगवतात. साल निघालेला तांदूळ पुन्हा अंकुरत नाही. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटकेची तीच खूण.

छापील चिकटचित्रातून हे काहीच हाती लागत नाही. म्हणून पाठशाळेत बालकांना तयार साचा न देता मूठभर अक्षता द्याव्यात. तीन पुंज वरच का मांडावयाचे, हा प्रश्न मग ती स्वतःच विचारतील. उत्तर देण्याची सिद्धता वडीलधाऱ्यांनी ठेवावी.

जय जिनेंद्र!