जपानमध्ये भूकंप झाला, मग अमेरिकेत गाडी महाग का झाली?

आजचा भाग गाड्यांच्या किमतीवर आहे, पण सुरुवात मात्र समुद्राच्या तळापासून करावी लागेल.

११ मार्च २०११. जपानमध्ये दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं झाली होती. तोहोकूच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा १८ हजारांच्या वर गेला. हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं नुकसान याच्यासमोर किरकोळ आहे.

आता प्रश्न असा की भूकंप तिकडे झाला, तर हजारो किलोमीटर दूर अमेरिकेत गाड्यांचे भाव का चढले?

पहिलं उत्तर डोक्यात येतं ते म्हणजे गाड्या वाहून गेल्या असतील. गेल्या होत्याच. हिताची बंदरावर अमेरिकेला निघालेल्या निस्सानच्या १,३०० गाड्या खराब झाल्या, मियागीत आणखी १,०००. पण निस्सान तेव्हा वर्षाला ४० लाखांच्या आसपास गाड्या विकत होती. तेवढ्यानं बाजार हलत नाही.

बाजार हलला तो हातात मावतील अशा वस्तूंमुळे.

पहिली वस्तू मायक्रोकंट्रोलर. इंजिनात किती इंधन जाईल, एअरबॅग कधी उघडेल, काच कुठे थांबेल, हे सगळं ठरवणारा हा चिमुकला कम्प्युटर. गाड्यांना लागणाऱ्या अशा चिप्सपैकी जगातल्या सुमारे ४० टक्के रेनेसास ही एकच कंपनी बनवायची आणि तिचा महत्त्वाचा कारखाना इबाराकी प्रांतातल्या नाका इथे. भूकंपात तो बंद पडला. तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कंपनीची चिप घ्यायची! तसं होत नाही हो. एका चिपसाठी लिहिलेला कोड दुसरीवर जसाच्या तसा चालत नाही. बदलला तरी सगळं टेस्टिंग पुन्हा करायचं, आणि ब्रेकच्या बाबतीत ‘चालतंय ना, मग सोडून दे’ असं म्हणता येत नाही. शिवाय चिप बनायला सुरुवात झाल्यापासून हातात पडेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात.

दुसरी वस्तू तर आणखी गमतीची. रंगाची भुकटी! झिरॅलिक नावाचं एक चमकदार रंगद्रव्य आहे. उन्हात गाडी चकाकते ना, ते काम त्याचं. जर्मनीच्या मर्क कंपनीचं हे उत्पादन त्या वेळी जगात एकाच ठिकाणी बनत होतं: फुकुशिमा प्रांतात, ओनाहामाला. तो कारखाना थांबला आणि अमेरिकेत फोर्डनं डीलरना सांगितलं की ‘टक्सिडो ब्लॅक’ आणि काही लाल छटांच्या ऑर्डर सध्या घेऊ नका. गाडी अमेरिकन, कारखाना अमेरिकन, आणि अडलं कशापायी, तर जपानमधल्या भुकटीपायी. जनरल मोटर्सनं लुइझियानातला श्रीव्हपोर्टचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला, तोही जपानी सुट्या भागांअभावी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटतं. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जेमतेम ११ ओळींचा कोड इंटरनेटवरून काढला गेला आणि जगभरातले कितीतरी प्रोजेक्ट बिल्डच होईनात. कारण? अमुक लायब्ररी तमुकवर अवलंबून, ती आणखी कशावर, आणि सगळ्यांच्या तळाशी तेच ११ ओळींचं पॅकेज.

गाडी कंपन्यांचंही हेच झालं. त्यांना वाटायचं, आपली पुरवठ्याची साखळी पिरॅमिडसारखी आहे. वर आपण, खाली पुरवठादार, त्यांच्याखाली आणखी जास्त पुरवठादार. म्हणजे जोखीम वाटली गेली. भूकंपानंतर शोध घेतला तेव्हा कळलं, आकार हिऱ्यासारखा आहे. मध्ये रुंद, खाली पुन्हा निमुळता. वेगवेगळ्या पुरवठादारांचा माल तळाशी एकाच कारखान्यातून येत होता. त्यात ‘जस्ट इन टाइम’ पद्धत, म्हणजे लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच मागवायचं. गोदामात साठा जवळपास नाहीच.

आता किमतीकडे येऊ. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा वेळी छापील किंमत लगेच वाढत नाही. आधी डिस्काउंट गायब होतो. मग वेटिंग लागतं. मग जुन्या गाड्यांचे भाव चढतात.

टोयोटाची प्रियस घ्या. अमेरिकेत विकली जाणारी प्रत्येक नवी प्रियस तेव्हा जपानहून यायची. त्याच वसंतात तिथे पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या आसपास गेलं, म्हणजे मागणी वाढली आणि गाड्या मात्र येईनात. डीलर सूट कशाला देतील? हा धक्का लगेच बसला नाही, कारण जहाजांवर आणि शोरूममध्ये आधीचा माल होता. तो संपला मे महिन्यात, आणि त्या महिन्यात टोयोटाची अमेरिकेतली विक्री साधारण एक तृतीयांशानं घसरली.

वर येनची भर पडली. १७ मार्चला डॉलरचा भाव ७६ येनच्या जवळ आला. जपानी कंपन्या परदेशातला पैसा घरी आणतील, असा बाजाराचा अंदाज होता. येन महाग म्हणजे जपानहून आलेली प्रत्येक गोष्ट महाग. शेवटी दुसऱ्या दिवशी जी-७ देशांना मिळून हस्तक्षेप करावा लागला.

आपल्याकडेही झळ पोचली. बेंगळुरूजवळच्या बिदडीत टोयोटानं उत्पादन कमी केलं. त्याच वर्षी थायलंडमध्ये पूर आला, होंडाचा अयुथयाचा कारखाना पाण्याखाली गेला आणि भारतात नुकत्याच आलेल्या ब्रिओचं उत्पादन अडकलं.

मग शहाणपण आलं का? टोयोटाला आलं. त्यांनी पुरवठादारांच्या सुमारे साडेसहा लाख ठिकाणांची माहिती एका डेटाबेसमध्ये गोळा केली आणि चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला जगभर चिप्सची टंचाई झाली, तेव्हा टोयोटा इतरांपेक्षा जास्त काळ टिकली. पण त्याच मार्चमध्ये नाकाच्या त्याच कारखान्यात आग लागली. म्हणजे अवलंबून राहणं काही संपलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. साठा न ठेवून वाचवलेला पैसा ही निव्वळ बचत नसते, त्यात थोडी उधारी असते. ती उधारी फिटते तेव्हा वेटिंगमध्ये उभा असतो तुमच्या-आमच्यासारखा माणूस. ज्याला थांबणं परवडतं, त्याचं फारसं बिघडत नाही. ज्याची जुनी गाडी बंद पडलीय आणि ज्याचं पोट गाडीवर आहे, तो मात्र मिळेल त्या भावाला घेतो.

म्हणून अशी बातमी ऐकलीत, तर गाडीवरचा बिल्ला बघून निर्णय घेऊ नका. ती कुठे जुळवली जाते, मोठे भाग कुठून येतात, ते विचारा. घ्यायचीच असेल तर शोरूममधला माल संपण्याआधीचे काही आठवडे तुमच्या हातात असतात. आणि गरज नसेल तर सरळ थांबा. २०११ मध्ये सप्टेंबरपर्यंत टोयोटाचं उत्पादन बरंचसं पूर्वपदावर आलं होतं.

ते इतक्या लवकर कसं आलं? नाकाचा कारखाना उभा करायला गाडी कंपन्यांनी आणि इतरांनी आपली माणसं पाठवली, एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांची माणसं एकाच छताखाली राबली. जुलैत सुरू होईल म्हणत होते, तो कारखाना १ जूनला सुरू झाला.

चला, आजच्यापुरतं इथेच थांबू. तुमच्या घरी गाडी घेण्याचा विषय निघाला असेल, तर हा भाग त्या फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!