प्रयोगशाळेतला उमेदवार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो विद्यापीठांतल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत संशोधन करणाऱ्या पदवीधरांचा. सातवीनंतर शाळा सोडून मोटारींचे वायंडिंग करणाऱ्या दुकानात उमेदवारी केलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या विहिरीवरच आहे.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला बिबट्याचे भय काय असते, ते आम्ही सांगायला नको. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की उसात दारे धरायला काळोखात जावे लागते. ज्याच्या विहिरीवर सौरपंप बसला, तो दिवसाउजेडी पाणी देतो आणि रात्री घरची माणसे निर्धास्त झोपतात. पण उन्हातल्या पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते, आणि पंपाच्या मोटारीला बहुधा दिशा बदलणारी, तीन फेजची वीज लागते. हे रूपांतर मधल्या पेटीत होते. दारे धरणारा माणूस पाटाचे पाणी कधी या वाफ्यात, कधी त्या वाफ्यात वळवतो. पेटीतले स्विच तेच काम सेकंदाला हजारो वेळा करतात. ढग आला तर मोटार बंद न पडता हळू फिरावी, ऊन पडताच तिने वेग घ्यावा, हेही पेटीनेच सांभाळायचे.

अशा पेट्यांत सर्रास वापरला जाणारा आयजीबीटी नावाचा स्विच घडवण्याचे श्रेय बी. जयंत बालिगा यांना दिले जाते. मद्रासच्या आयआयटीचे हे पदवीधर १९७४ साली अमेरिकेत पीएच.डी. झाले आणि २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. म्हणजे तेही एके काळी संशोधक विद्यार्थीच होते. पुरस्कार एकाला मिळतो. पण विद्या पुढे सरकते ती शेकडो अनाम हातांनी.

ते हात काय करतात, हे आम्ही एकदा स्वतः पाहिले. फेराइटच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळणारा तो तरुण पाहून आम्हांला आमचे जुने दुकान आठवले. तार तीच, बोटांची काळजी तीच. तो सर्किट जुळवतो, डाग देतो, प्रोग्राम लिहितो. बटण दाबताच महिन्याभराचे काम फट्कन जळते, आणि तो पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून असतात. शिवाय एवढ्या वेगाने उघडझाप करणारी पेटी रेडिओलहरींचा गोंगाट करते, तोही आवरावा लागतो. आपल्या खोडदची ३० दुर्बिणींची वसाहत आकाशातले अतिक्षीण संदेश ऐकत असते. तिच्या शेजारी असा गोंगाट परवडणारा नाही.

आता या माणसाला काय म्हणावे? विद्यार्थी की कामगार? नोकरी म्हणावी, तर त्याला मिळते ती 'छात्रवृत्ती'. विद्यार्थी म्हणावे, तर त्याने केलेल्या कामावर संस्थेचे प्रकल्प पुरे होतात. देशभरच्या संशोधकांनी आवाज उठवल्यावर २०१९ साली कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती महिना २५,००० रुपयांवरून ३१,००० झाली. २०२३ पासून ती ३७,००० आणि वरिष्ठाची ४२,००० ठरली. आकडा वाढला, ही चांगली गोष्ट. पण कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा पैसा यांत अंतर असते.

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबातला मुलगा अशाच एका प्रयोगशाळेत होता. त्याला पाच महिने छात्रवृत्ती मिळाली नाही. खाणावळीचे पैसे बापाने टोमॅटोच्या पट्टीतून पाठवले. आम्ही म्हणालो, "तक्रार का करीत नाहीस?" तो म्हणाला, "काका, काम सांगणारा, रजा देणारा आणि प्रबंधावर सही करणारा माणूस एकच आहे." तीस वर्षे युनियनचे काम करून आम्हांला जे सूत्र कळले, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

यावर काही थोर माणसे म्हणतात, ही गुरुशिष्यांची जागा आहे, तेथे युनियनची भाषा कशाला? आमचे मालकही म्हणत, "तू शिकतो आहेस, तुला मजुरी कशाची?" परंतु आम्ही भरलेल्या मोटारीचे बिल ते गिऱ्हाइकाला देतच होते. शिकणे आणि राबणे एकाच घटकेत घडते. एकाचे नाव घेऊन दुसरे पुसता येत नाही. मार्गदर्शकांतही पदरमोड करून विद्यार्थ्यांना सांभाळणारे आहेत, अनुदानासाठी तेही खेटे घालतात. म्हणूनच हा प्रश्न कुणाच्या चांगुलपणावर सोडू नये, नियमाने सोडवावा.

संघटनेने विद्या बुडते, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापनाचे काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी १९६६ साली संघटना बांधली आणि १९७० साली संप केला. त्याच विद्यापीठात १९८१ साली पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे जे केंद्र उभे राहिले, त्याचे नाव आज जगभर घेतले जाते. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठातले सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले आणि वेतनवाढीचा करार करूनच कामावर परतले.

आमचे मागणे मोठे नाही. पैसे ठरल्या तारखेला मिळावेत. गिरणीकामगारांना १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने रविवार मिळाला, तो प्रयोगशाळेतही असावा. तक्रार ऐकणारा माणूस सही करणाऱ्याहून वेगळा असावा. आणि भारी व्होल्टेजपाशी रात्री कोणी एकटे नसावे. बिबट्याच्या मुलखात आपण हेच सांगतो ना, की रात्री शेतात एकट्याने जाऊ नये?

या जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत श्रेणींची नावे कोरलेली आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींपाशी विश्वासाने ठेवी ठेवल्या गेल्या. त्या श्रेणी म्हणजे आजच्या युनियन नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण एका धंद्याच्या माणसांनी एकत्र उभे राहणे ही या मातीला नवी गोष्ट नाही, एवढे त्यावरून दिसते.

तेव्हा ज्यांचे मूल अशा प्रयोगशाळेत आहे, त्यांना एकच विनंती. तो सुटीवर आला की "डॉक्टर कधी होणार?" एवढेच विचारू नका. पैसे वेळेवर येतात काय, आणि रात्री सोबत कोण असते, हेही विचारा.