गेट पास आणि शकुंतलेची अंगठी



बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होताना कारखान्याच्या फाटकाशी काय चालतं, ते तुम्हाला माहीत आहे. गळ्यात ओळखपत्र असेल तर आत. घरी विसरलं असेल, तर काल संध्याकाळी हसून निरोप देणारा वॉचमनसुद्धा आज थांबवून ठेवतो.

मुलांना कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ शिकवताना मी या फाटकापासून सुरुवात करते. अभिज्ञान म्हणजे ओळख पटवणारी खूण. शकुंतला दुष्यंताच्या दरबारात उभी राहते, खूण दाखवायला बोट पुढे करते आणि बोटात त्याने दिलेली अंगठी नसते. आई-बाबांचं ओळखपत्र रोज बघणाऱ्या मुलांना तिची घालमेल समजावून सांगावी लागत नाही.

मग त्यांना सांगायचं, की महाभारतात ही अंगठी नाही, राजाला तिचा विसर पाडणारा दुर्वास ऋषीचा शापही नाही. तिथली शकुंतला मुलाला घेऊन येते आणि भर दरबारात राजाला खडसावते. अंगठी आणि शाप कालिदासाने आणले. का आणले असतील? राजाला दोषातून सोडवायला? मुलं यावर तावातावाने भांडतात. भांडू द्यावं. जुनं नाटक म्हणजे कुणीतरी विचार करून घेतलेले निर्णय, हे त्यांना अशा भांडणातूनच उमगतं.

आता भाषा. आपल्याकडची मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि बाबांच्या वर्कशॉपमधली हिंदी त्यांच्या कानावर असते. संस्कृत नाटकही असंच बहुभाषिक आहे, हे आपण त्यांना सांगतच नाही. राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात. शकुंतला, तिच्या सख्या आणि विदूषक शौरसेनी प्राकृत बोलतात. स्त्रियांच्या तोंडची गीतं महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. सहाव्या अंकात अंगठी सापडलेला कोळी आणि त्याला बांधून आणणारे शिपाई यांची भाषा मागधी. तिचा एक नियम मुलांना फार आवडतो: ‘र’चा ‘ल’ करायचा आणि ‘स’चा ‘श’. ‘सर’ म्हणायचं तर ‘शल’! वर्गभर हसू पसरतं.

त्या हसण्यापाशी मी थांबते. आपण कुणाच्या बोलण्याला हसलो? कोळ्याला मागधी का दिली? राजा संस्कृत बोलतो, मग शकुंतला का नाही? इतिहासाचा पाठ इथे सुरू होतो: शिक्षण कुणाला मिळायचं, सत्तेची भाषा कोणती होती. हा कोळी दीन नाही, हेही दाखवावं. शिपायांचा अधिकारी त्याच्या धंद्याची टर उडवतो तेव्हा कोळी ठाम उत्तर देतो, की वाडवडिलांचं काम निंद्य म्हणून टाकायचं नसतं. लेथवर उभ्या राहणाऱ्या बापाच्या मुलीने हे वाक्य म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

कालिदासाचा काळ सांगताना गुप्तकाळ म्हणून मोकळं होऊ नये. आपल्याच कर्नाटकात, ऐहोळेच्या मेगुती देवळावरच्या इ.स. 634च्या शिलालेखात रविकीर्ती हा कवी कालिदासाचं नाव घेतो. म्हणजे तेव्हा तो इथवर कीर्तिमान होता. या नाटकाचा आपल्या राज्याशी आणखी एक धागा आहे: 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात संगीत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करही त्याच गावचे.

पुस्तक बाजूला ठेवून करायचं एक काम सांगते. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात मध्यम आकाराचं आयताकृती नाट्यगृह 64 हात लांब आणि 32 हात रुंद सांगितलं आहे. हात साधारण दीड फूट धरला, तर 96 फूट बाय 48 फूट. एखाद्या शेडएवढं. त्याहून मोठं नको, कारण आवाज पोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे कारणही भरताने दिलं आहे. अर्ध्या लांबीत प्रेक्षक, उरलेल्या अर्ध्यात रंगमंच आणि मागे नेपथ्यगृह.

रविवारी यंत्रं बंद असतात. टेप आणि चुन्याची फक्की घ्या, मुलांना मैदानात न्या आणि एवढी जागा आखायला लावा. एका टोकाला कोळी उभा करा, दुसऱ्या टोकाला सगळ्यांत लहान मूल बसवा. कोळ्याचं बोलणं त्याला ऐकू येतंय का, ते त्यालाच विचारा.